दुसऱ्याची ओंजळ : संगणक-सेवा कंपन्यांच्या जोखमीची तुलना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी मंडळाचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. गेल्या पन्नास वर्षांत या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि इतिहासावर एकाहून एक सरस व्याख्याने झाली. त्या मालिकेत संगणक-सेवा कंपन्यांच्या सुरक्षेची तुलना हा आजचा विषय म्हणजे श्रीखंडाच्या पंगतीत वाढलेली कारल्याची भाजी, याची मला पूर्ण जाणीव आहे. परंतु तो मी हौसेने निवडलेला नाही. कार्यकारिणीने तो माझ्यावर सोपविला, आणि तसे करण्यास दोन कारणे घडली.

पहिले कारण आपल्या कार्यालयातील पोलादी कपाटाचे. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्र सोडून या कारखान्याच्या नगरीत आलेल्या मूठभर कुटुंबांनी हे मंडळ स्थापन केले, तेव्हापासूनची सभासदांची नोंदवही त्या कपाटात आहे. पुढे तिच्या जोडीला वधूवर सूचक केंद्राची माहितीपत्रके आली, वैद्यकीय साहाय्य निधीचे अर्ज आले, आणि अलीकडे एक नवी वही आली. ज्यांची मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी आहेत आणि जे येथे एकटे राहतात, अशा वृद्ध सभासदांची ती वही. रोज सकाळी कोणाला दूरध्वनी करावयाचा, कोणाच्या घराची दुसरी किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे असते, कोणाला कोणता विकार आहे, हे सारे त्या वहीत लिहिलेले आहे. ही सर्व दप्तरे संगणकावर न्यावीत आणि ती सांभाळण्याचे काम एखाद्या सेवा कंपनीस द्यावे, असे कार्यकारिणीने ठरविले. तीन कंपन्यांचे प्रस्ताव आले. कार्यवाह मला म्हणाले, “काका, तुम्ही बँकेत उभा जन्म हेच तपासण्यात घालविलात. या तिघींत सर्वांत कमी धोक्याची कोणती, तेवढे सांगा.”

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. गतवर्षी आपल्याच एका ज्येष्ठ भगिनींना पोलीस अधिकारी म्हणविणाऱ्या एका इसमाचा दूरध्वनी आला. तुमच्या नावाने परदेशी पाठविलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हाला घरातच अटक झाली आहे, कोणाशी बोललात तर मुलाची नोकरी जाईल, असे सांगून त्याने त्यांना दीड दिवस मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवले. ‘डिजिटल अटक’ नावाचा कोणताही प्रकार आपल्या कायद्यात नाही, हे त्या माउलीला ठाऊक नव्हते. मुदत ठेव मोडण्यासाठी त्या बँकेत जावयास निघाल्या, एवढ्यात रोजचा दूरध्वनी लागत नाही म्हणून आपला स्वयंसेवक दारात येऊन उभा राहिला आणि अनर्थ टळला. परंतु त्या इसमाला त्यांच्या मुलाचे नाव, त्याचे परदेशातील गाव, आणि बाई घरी एकट्या असतात ही गोष्ट ठाऊक होती. ती कोठून कळली, याचा शोध लागला नाही. ती मंडळाच्या यादीतून गेली असे म्हणण्यास पुरावा नाही. गेली नाही, असे छातीवर हात ठेवून सांगण्याइतकाही पुरावा आपल्यापाशी नाही. ही दुसरी गोष्ट मला आजही बोचते.

म्हणून आजचा विषय रुक्ष असला तरी परका नाही.

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे ही आपल्या भाषेत कमीपणाची गोष्ट मानली गेली आहे. परंतु आज बँका, रुग्णालये, विमान कंपन्या आणि शाळा अशाच रीतीने पाणी पीत असतात. खात्यांचा हिशेब, तिकिटांची नोंद, रुग्णांचे अहवाल हे सारे बहुधा दुसऱ्याच कोणाच्या यंत्रावर, दुसऱ्याच कोणाच्या आज्ञावलीने चालते. ही दुसरी म्हणजेच संगणक-सेवा कंपनी. ग्राहकाला तिचे नावही ठाऊक नसते. ते कळते, ते पाणी गढूळ झाल्यावर.

एक उदाहरण देतो. जुलै २०२४ च्या अखेरीस देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक एकाएकी अडचणीत आले. यूपीआयने पैसे जाईनात, एटीएममधून निघेनात. या बँका मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण होत्या. त्यांच्यापैकी प्रत्येकीवर स्वतंत्र हल्ला झालेला नव्हता. त्या सर्वांना तांत्रिक सेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या, टीसीएस आणि स्टेट बँक यांच्या संयुक्त कंपनीच्या काही यंत्रणांवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाल्याचे दिसून आले. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला देशाच्या देयक जाळ्यापासून तात्पुरते अलग केले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. देशातील एकूण व्यवहारांत या बँकांचा वाटा अवघा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. आकड्यांच्या दृष्टीने ही घटना किरकोळच म्हणावी लागेल. परंतु ज्या शेतकऱ्याचे एकच खाते होते आणि ते त्या ३०० बँकांपैकी एकीत होते, त्याच्यापुरता त्या दिवशी सारा व्यवहार थांबला होता. जोखीम सरासरीने मोजली की हा माणूस हिशेबातून गळतो.

आता तुलनेकडे वळू. तुलना करावयाची म्हटले की आपण चार मापे पुढे करतो. ती चारही अपुरी आहेत.

पहिले माप नावलौकिकाचे. मोठी कंपनी म्हणजे सुरक्षित कंपनी, असा आपला समज असतो. मोठ्या कंपनीपाशी तज्ज्ञ अधिक असतात, साधने अधिक असतात, हे खरे. परंतु तिच्या एका दारातून हजारो घरांत शिरता येते, म्हणून चोरांचेही लक्ष तिच्यावरच अधिक असते.

दुसरे माप प्रमाणपत्राचे. आयएसओ २७००१ हे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले दिसले की पुष्कळांचे समाधान होते. त्याची किंमत मी कमी लेखीत नाही. परंतु त्या प्रमाणपत्रावर त्याची व्याप्ती लिहिलेली असते, ती वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. एका गावच्या कचेरीचे प्रमाणपत्र दुसऱ्या गावच्या यंत्रशाळेस लागू पडत नाही. सॉक-२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखापरीक्षण अहवालाचेही दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात व्यवस्था कागदावर कशी आखली आहे, याची एका दिवसापुरती पाहणी असते. दुसऱ्या प्रकारात ती व्यवस्था काही महिने प्रत्यक्षात पाळली गेली की नाही, याची तपासणी असते. पथ्याचा कागद आणि पथ्य यांत जेवढे अंतर, तेवढे या दोहोंत आहे.

तिसरे माप बाहेरून दिलेल्या गुणांचे. असे गुण देणाऱ्या संस्थाच निघाल्या आहेत. इंटरनेटवरून कंपनीची कोणती दारे उघडी दिसतात, कोणत्या आज्ञावल्या जुन्या राहिल्या आहेत, हे पाहून त्या गुणांक देतात. हे काम उपयुक्त आहे. परंतु रस्त्यावरून जाता जाता वाड्याची पारख करण्यासारखे ते आहे. तुटलेली खिडकी दिसते, पण तिजोरीची किल्ली कोणाच्या उशाखाली असते, ते दिसत नाही.

चौथे माप घडलेल्या प्रकारांच्या संख्येचे. “आमच्याकडे आजवर एकही प्रकार घडला नाही,” असे सांगणाऱ्या कंपनीविषयी माझे मन नेहमी साशंक होत असे. ज्या गावात वैद्य नाही, त्या गावाच्या नोंदीत रोगीही नसतात. शोधणाराच नसेल तर सापडणार काय? उलट, “दोन वर्षांपूर्वी असे घडले, इतक्या तासांत आम्हाला कळले आणि त्यानंतर आम्ही हे बदलले,” असे सांगणारी कंपनी मला अधिक भरवशाची वाटे.

आमच्या बँकेत या सर्व मापांची मिळून एक कोष्टकपद्धती होती. संभव एक ते पाच, हानी एक ते पाच, दोहोंचा गुणाकार, आणि मग लाल, पिवळा, हिरवा असे रंग. कोष्टक दिसावयास सुबक असे. परंतु संभव चार आणि हानी तीन असली तरी उत्तर बारा, आणि संभव तीन व हानी चार असली तरीही बाराच. पहिल्यात वारंवार होणारी चिरीमिरी, दुसऱ्यात एखाद्या वेळी होणारा मोठा घाव. बारा आणि बारा सारखे नसतात.

मुळावर येणारा घाव म्हणजे काय, हे १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या प्रकरणात आपण पाहिले. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ आणि पुन्हा सोमवार, १३ ऑगस्ट, अशा दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. एटीएमच्या विनंत्या तपासून होकार देणाऱ्या खऱ्या यंत्रणेऐवजी चोरांच्या बनावट यंत्रणेने होकार दिला, आणि २८ देशांतील एटीएममधून लोकांनी रोकड काढली. वर्षानुवर्षे हिरव्या रंगात दिसणारा धोका प्रत्यक्षात उतरण्यास दोन दिवस पुरतात.

मग तुलना करावी तरी कशी? माझ्या अनुभवाने मला पाच प्रश्न शिकविले. ते एकामागून एक सांगतो.

पहिला प्रश्न कंपनीला नव्हे, स्वतःला विचारावयाचा आहे. आपण तिच्या हाती काय देणार, आणि किती काळ? मार्च २०२१ मध्ये विमान कंपन्यांना प्रवासीसेवा पुरविणाऱ्या सीता या आंतरराष्ट्रीय कंपनीने आपल्यावर हल्ला झाल्याचे जाहीर केले. त्यात एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती उघडी पडली. नावे, जन्मतारखा, पारपत्रांचा तपशील, तिकिटे, क्रेडिट कार्डांची माहिती. प्रवाशांनी तिकीट एअर इंडियाचे काढले होते. सीता हे नाव त्यांतील बहुतेकांनी ऐकलेलेही नसेल. त्याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की ही माहिती ऑगस्ट २०११ पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंतची, म्हणजे साडेनऊ वर्षांची होती. जे जवळ ठेवलेलेच नाही, ते चोरीस जात नाही. ही सुरक्षा कोणत्याही कंपनीकडून विकत घ्यावी लागत नाही.

दुसरा प्रश्न. तिला आपल्या घरात कोठवर प्रवेश आहे? सोलरविंड्स नावाच्या अमेरिकन कंपनीची आज्ञावली मोठमोठ्या संस्थांच्या यंत्रांवर देखरेख ठेवण्याचे काम करीत असे. त्यासाठी तिला त्या संस्थांत सर्वत्र मुक्तद्वार होते. २०२० साली हेरांनी त्या कंपनीच्या अधिकृत सुधारित आवृत्तीतच आपला कोड मिसळला. ती आवृत्ती कंपनीच्याच सहीशिक्क्यानिशी १८,००० च्या आसपास ग्राहकांकडे गेली. त्यांतून निवडून अमेरिकन सरकारची नऊ खाती आणि सुमारे शंभर कंपन्या यांच्यात प्रत्यक्ष शिरकाव करण्यात आला. ज्यांनी सांगितल्याप्रमाणे वेळच्या वेळी सुधारणा बसविली, तेच सापडले. नियम पाळणे चूक होते, असा याचा अर्थ नव्हे. पाहुण्याला ओसरीपर्यंत येऊ द्यावयाचे की माजघरापर्यंत, हे तो पाहुणा कितीही सज्जन असला तरी घरधन्यानेच ठरवावयाचे असते.

तिसरा प्रश्न. तिच्यामागे आणखी कोण आहे? जुलै २०२१ मध्ये स्वीडनमधील कूप या दुकानांच्या साखळीला आपली बहुतेक दुकाने बंद ठेवावी लागली, कारण पैसे घेण्याची यंत्रे चालेनात. अशी सुमारे ८०० दुकाने होती. हल्ला अमेरिकेतील कसेया या कंपनीच्या आज्ञावलीवर झाला होता. कूपचा कसेयाशी थेट करार नव्हता. कूपला सेवा देणारी एक कंपनी ती आज्ञावली वापरीत होती, एवढाच संबंध. सी-एजच्या प्रकरणातही हल्लेखोर तिच्याशी काम करणाऱ्या एका अन्य कंपनीच्या सदोष मांडणीतून शिरले, असे एका सुरक्षासंस्थेने आपल्या विश्लेषणात म्हटले होते. सोयरीक जुळविताना आपण मुलाकडची दोन पिढ्यांची माहिती काढतो. सेवा कंपनीच्या बाबतीत मात्र उंबरठ्यावरच्या माणसाशी बोलून परत फिरतो.

चौथा प्रश्न. काही घडल्यास ती आपल्याला केव्हा सांगेल? एअर इंडियाच्या प्रकरणात सेवा कंपनीने विमान कंपनीस पहिली सूचना फेब्रुवारीच्या अखेरीस दिली. कोणकोणते प्रवासी त्यात सापडले, हे मार्च आणि एप्रिलमध्ये कळविले. प्रवाशांना मात्र ते समजले मे महिन्यात. आपल्या देशात सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढून असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक केले. बँकांनी संगणकीय कामे बाहेर सोपविण्यासंबंधी रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी काढलेल्या आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून अमलात आलेल्या आदेशांतही सहा तासांची मर्यादा घालण्यात आली, आणि ती सेवा कंपनीच्या लक्षात आल्यापासून मोजावयाची होती. म्हणून करारात ‘शक्य तितक्या लवकर’ असे शब्द आढळले की ते खोडावेत आणि तासांचा आकडा लिहून घ्यावा.

पाचवा प्रश्न. ती बंद पडली, तर आपण उभे राहू शकतो काय? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख यंत्रे ठप्प झाली. तो हल्ला नव्हता, चूक होती. त्या दिवशी भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देऊन विमानात बसविण्यात आले. त्याची त्या वेळी थट्टा झाली. मला मात्र त्या कर्मचाऱ्यांचे कौतुक वाटले. यंत्र गेले तरी काम चालविण्याची रीत त्यांना विसरावयाला झाली नव्हती.

या पाच उत्तरांची बेरीज करून सरासरी मात्र काढू नये. शाळेत चार विषयांत नव्वद गुण मिळविणारा मुलगा पाचव्या विषयात नापास झाला, तर तो नापासच ठरत असे. येथेही तोच न्याय आहे.

आता आपल्या तीन प्रस्तावांकडे येतो. नावे घेत नाही. तशी आवश्यकताही नाही.

पहिली कंपनी प्रचंड. तिच्या यंत्रशाळा देशोदेशी आहेत. तिच्यामागे कोणत्या उपकंपन्या काम करतात, याची यादी तिने मागण्यापूर्वीच दिली. सुरक्षेची साधने उत्तम. परंतु करार छापील, त्यातला एक स्वल्पविरामही बदलता येणार नाही. नुकसान झाल्यास भरपाई आपण भरलेल्या वर्गणीपुरती. कुठल्या अडचणीत दूरध्वनी करावा, तर पलीकडे माणूस मिळण्याची शाश्वती नाही.

दुसरी कंपनी मध्यम आकाराची. प्रस्ताव रंगीत, प्रमाणपत्र सोनेरी चौकटीतले. मी व्याप्तीचे कलम वाचले. त्यात एका दूरच्या शहरातील आज्ञावली लिहिणाऱ्या विभागाचा उल्लेख होता. आपली माहिती जेथे राहणार आणि जे लोक ती हाताळणार, त्या विभागाचे नाव नव्हते. मी पत्र लिहिले. उत्तरादाखल तेच प्रमाणपत्र पुन्हा आले. दुसऱ्या पत्रास उत्तर आले नाही.

तिसरी कंपनी आपल्या सर्वांच्या परिचयाच्या एका तरुणाची. आपल्याच गणेशोत्सवात नाटुकल्यांतून कामे करीत तो लहानाचा मोठा झाला. चार माणसांची कंपनी. कार्यकारिणीतील पुष्कळांचा कौल त्याच्या बाजूने होता, आणि खरे सांगावयाचे तर माझाही होता. परक्या मुलखात आपला मुलगा पुढे यावा, असे कोणाला वाटणार नाही? मी त्याला म्हटले, “बाळ, तू रोज रात्री प्रत काढून ठेवतोस म्हणतोस. ती प्रत मला आज परत उभी करून दाखव.” सकाळी अकरा वाजता तो बसला. संध्याकाळी पाचपर्यंत ती प्रत उभी राहिली नाही. वर्षभर तो रोज न उघडणारी प्रत साठवीत आला होता. चौघेही जण एकाच परवलीच्या शब्दाने मुख्य यंत्रात शिरतात, हेही त्याने न विचारता सांगितले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. पंधरा दिवसांनी तो स्वतःहून आला. परवलीचे शब्द वेगळे झाले होते, आणि प्रत त्याने माझ्यासमोर चाळीस मिनिटांत उभी केली. त्या मुलाचा मला अभिमान वाटला. तरीही, बंधुभगिनींनो, सचोटी हा माणसाचा गुण आहे. तो कुलपाचा गुण नव्हे.

कार्यवाहांना हवे होते तसे पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक मी दिले नाहीत. कारण आपल्या कपाटात एक वही नाही, चार आहेत, आणि प्रत्येक वहीचे उत्तर निराळे आहे. सभासदांची नोंद आणि हिशेब पहिल्या कंपनीकडे द्यावेत, असे मी सुचविले. वधूवर केंद्राची माहितीही तेथेच ठेवावी, परंतु लग्न जुळताच किंवा दोन वर्षे होताच ती पुसून टाकावी. जुनी माहितीपत्रके कशासाठी साठवावयाची? ज्यांची ती आहेत, त्यांची मुले आता कॉलेजात आहेत. वैद्यकीय निधीच्या अर्जांतून केवळ मंजूर रकमेची नोंद ठेवावी आणि रोगांचे कागद ज्याचे त्याला परत करावेत. मंडळाच्या कार्यक्रमांची घोषणा, छायाचित्रे, हा स्मृतिग्रंथ, असे जे जगापासून लपविण्याचे कारणच नाही, ते काम त्या तरुणाला द्यावे. त्यात त्याचा हात बसेल, आणि चूक झाली तरी कोणाची ठेव मोडणार नाही. दुसऱ्या कंपनीचा प्रस्ताव परत करावा. ती दुबळी आहे म्हणून नव्हे. ती कशी आहे हे कळण्याची सोयच तिने ठेवली नाही, म्हणून.

आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची वही कोणालाही देऊ नये. ती कागदावरच राहावी. कपाटाला दोन किल्ल्या, दोन निराळ्या व्यक्तींकडे असाव्यात. स्वयंसेवकाला त्याच्या वाट्याच्या पाच घरांपुरतेच दूरध्वनी क्रमांक द्यावेत. कागदालाही वाळवी लागते, पूर येतो, हे मी जाणतो. परंतु वाळवी लागलेली यादी भामट्याच्या हाती पडत नाही. कार्यकारिणीने या सूचना स्वीकारल्या. त्यात एका सभासदाने नोंदविलेला आक्षेप मी येथे सांगितला पाहिजे. कागदी वहीमुळे मध्यरात्री प्रसंग ओढवल्यास आवश्यक माहिती वेळेवर मिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते खोटे नाही. जोखीम नाहीशी होत नसते. कोणती पत्करावयाची, एवढेच आपल्या हाती असते. वर्षभराने या निर्णयाचा फेरविचार व्हावा, असे म्हणूनच ठरले आहे.

शेवटी एकच मुद्दा सांगून मी आपली रजा घेतो. काम दुसऱ्याला देता येते, जबाबदारी देता येत नाही. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे हेच तत्त्व आहे. माहिती कशासाठी घ्यावयाची हे जो ठरवितो, तोच तिच्या रक्षणास उत्तरदायी. मग हाताळणारा दुसरा कोणी का असेना. माहितीच्या रक्षणात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. परंतु दंडाच्या भयाने हे करावयाचे नाही. पन्नास वर्षांपूर्वी येथे आलेल्या माणसांनी आपले नाव, आपले गाव, आपल्या मुलीचे वय आणि आपले दुखणे परक्या नगरात ज्या वहीत लिहून दिले, ती वही सरकारची नव्हती, बँकेची नव्हती. ती आपल्या माणसांची होती. त्या विश्वासाचे आपण विश्वस्त आहोत.

घरोघरी जाऊन आपण एवढे करावे. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना सांगावे, की दूरध्वनीवरून कोणी अटक करीत नाही. असा प्रसंग आल्यास दूरध्वनी खाली ठेवावा आणि मुलाला, शेजाऱ्याला किंवा मंडळाला कळवावे. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. आणि मंडळाने आपल्याविषयी काय काय लिहून ठेवले आहे, ते एकदा येऊन पाहावे. कपाट दर रविवारी सकाळी उघडे असते. जे नको असेल ते आपल्या हाताने खोडावे.

गतवर्षी वाचलेल्या त्या भगिनी आज या सभागृहात पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचे नाव मी घेतलेले नाही, आणि घेणारही नाही. परंतु हा प्रसंग सांगण्याची परवानगी त्यांनीच दिली. “दुसऱ्या कोणावर अशी पाळी येऊ नये म्हणून सांगा,” असे त्या म्हणाल्या.